घरी .३०८ ची काडतुसं भरायची आहेत : सातशे डॉलरांत काय काय घेऊ?

राउंडरॉककर

नमस्कार मंडळी.

टेक्सासात, ऑस्टिनच्या उत्तरेला राउंड रॉकला राहतो. ग्रीन कार्ड आहे. रायफल रीतसर दुकानातून घेतलेली, टिक्का टी३एक्स, .३०८ विंचेस्टर. शिकारीचा नाद नाही. शनिवारी सकाळी क्लबच्या रेंजवर जायचं, तीनशे यार्डांवर कागदाला भोकं पाडायची, हवा शांत असली तर सहाशेला हात घालून बघायचा, इतकंच.

पण मॅच ग्रेडचा, म्हणजे स्पर्धेच्या दर्जाचा, माल घ्यायचा तर एका बाराला दीड-पावणेदोन डॉलर पडतात. सकाळभरात साठ-सत्तर बार कसे होतात कळत नाही. घरात क्रेडिट कार्डाचं स्टेटमेंट वाचणारी व्यक्ती मी नाही, त्यामुळे पुढचं सांगायला नको.

तेव्हा आता घरीच काडतुसं भरायचं ठरवलंय. पुंगळ्या जमवून ठेवल्या आहेत. बऱ्याचशा माझ्याच रायफलमधून निघालेल्या, आणि एक पिशवी रेंजवर वेचलेली, त्यात काही लष्करी शिक्क्याच्या आहेत. बजेट सातशे डॉलर, फार तर साडेसातशे. काडतुसं भरायच्या प्रेसचे, म्हणजे दांडा ओढून चालवायच्या यंत्राचे, तीन पर्याय डोळ्यांसमोर आहेत:

एक, ली कंपनीचा स्वस्तातला किट. दोन, आरसीबीएसचा रॉक चकर सुप्रीम मास्टर किट. तीन, क्लबातले सगळे सांगतात म्हणून डिलन ५५०, पण तो घेतला की बाकी काही घ्यायला पैसे उरत नाहीत.

गॅरेजमध्ये उन्हाळ्यात भट्टी असते, म्हणून वरची छोटी खोली मिळाली आहे, तिथे एसी आहे. मुलगा चार वर्षांचा आहे आणि त्याला प्रत्येक कपाट उघडता येतं. व्हिडिओ बघून बघून डोकं भंजाळलंय. प्रत्येक जण स्वतःकडे आहे तेच सर्वांत चांगलं म्हणतो. कुणी स्वतः भरणारं आहे का इथे?

फीनिक्सवाला

आहे ना. डिलन घे आणि विषय संपव. दांडा ओढला की एकेका स्टेशनवर एकेक काम होतं, डिस्क हाताने फिरवायची, चार कामं एका फेरीत. तासाभरात शंभर-दीडशे राऊंड आरामात. सिंगल स्टेजवर, म्हणजे एका वेळी एकच काम करणाऱ्या प्रेसवर, शंभर राऊंड म्हणजे तीच केस (पुंगळी) चार-पाच वेळा हातात घ्यायची. दोन महिन्यांत कंटाळशील, मग डिलन घेशीलच. मग आताच का नको? स्वस्त ते दोनदा घेणं होतं.

भोसरीकर काका

फीनिक्सवाल्यांचा मान राखून सांगतो : डिलन उत्तम मशीन आहे, आणि तुझ्यासाठी आज चुकीचं आहे.

माझी ओळख एवढीच, की भोसरी एमआयडीसीत टूलरूममध्ये नोकरी केली, आता मुलीजवळ विस्कॉन्सिनला असतो. इथे आल्यावर शेजारच्या म्हाताऱ्याने तळघरात प्रेस दाखवला आणि मला माहेरी आल्यासारखं वाटलं. डाय, रॅम, लॉक नट, सगळी आपलीच मंडळी.

टूलरूममध्ये नवा पोरगा आला की उस्ताद त्याला मशीनजवळ नेत नाही. हातात मायक्रोमीटर देतो आणि सांगतो, ह्या वीस पिना मोजून आण. माझं सगळं म्हणणं यात आलं. सातशेतले निदान दोनशे-अडीचशे मापाच्या वस्तूंना आधी बाजूला काढ, उरलेल्यात प्रेस बसव. लोक उलटं करतात. सगळे पैसे लोखंडाला घालतात आणि तराजू किटमध्ये फुकट आला तो वापरतात.

कारण बघ. रायफलच्या काडतुसात चूक झाली तर ती प्रेसमुळे होत नाही. प्रेस म्हणजे काय, तर टॉगल लिंकेजवर वर-खाली होणारा रॅम, आणि वर डाय (पुंगळीला आकार देणारा साचा) बसवायला सात-अष्टमांश इंचाचं भोक, इंचाला १४ आटे. हे आटे जवळजवळ सगळ्या कंपन्यांचे सारखे, त्यामुळे एकाचा डाय दुसऱ्याच्या प्रेसवर बसतो. ओतीव लोखंडाचा, ओ आकाराच्या फ्रेमचा कुठलाही चांगला प्रेस .३०८ ला पुरून उरतो आणि तुझ्या मुलाला वारशात मिळतो. रॉक चकर तसा आहे. लीचा क्लासिक कास्ट पण तसाच आहे. तू म्हणतोस तो लीचा स्वस्त किट मात्र अॅल्युमिनियमच्या प्रेसचा असतो. पिस्तुलाच्या पुंगळ्यांना ठीक, रायफलची लांब केस पूर्ण साइझ करताना, म्हणजे दाबून मापात आणताना, त्याच्यात लवचीकपणा जाणवतो. मला नाही आवडत.

मी तुझ्या जागी असतो तर लीचा क्लासिक कास्ट सुटा घेतला असता. आरसीबीएसपेक्षा स्वस्त, आणि एक गोष्ट त्याच्यात फार शहाणपणाची आहे : जुना प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टिकली) निघतो तो पोकळ रॅममधून थेट खालच्या नळीत जातो. रॉक चकरवर प्लॅस्टिकची ताटली असते, तिच्यात दहातले आठ पडतात, दोन जमिनीवर उड्या मारतात. वापरलेल्या प्रायमरमध्ये शिशाची राख असते. तुझ्या घरात चार वर्षांचं पोर आहे आणि खोलीत बहुतेक कार्पेट असेल. म्हणून मी याच मुद्द्यावर अडून बसलोय.

किटचं दुसरं एक लक्षात ठेव. बहुतेक किटमध्ये डाय नसतात, शेल होल्डर (पुंगळीचं बूड धरणारा तुकडा) नसतो, कॅलिपर नसतो. ते वेगळे घ्यावे लागतात, आणि शेल होल्डरचे नंबर प्रत्येक कंपनीचे वेगळे. .३०८ ला आरसीबीएसचा ३ नंबर, लीचा २ नंबर, हॉर्नडीचा १ नंबर. दुकानदाराला नंबर सांगू नकोस, कंपनी आणि कॅलिबर सांग.

आता माप. ग्रेन म्हणजे किती, याची कल्पना असू दे. एका पौंडात सात हजार ग्रेन. जुना कंपनी सरकारचा तोळा बरोबर १८० ग्रेनचा होता, म्हणजे शिकारी लोक .३०८ मध्ये घालतात ती १८० ग्रेनची गोळी अगदी तोळाभर भरते. (आजचा सोनाराचा दहा ग्रॅमचा तोळा नव्हे, जुना ११.६६ ग्रॅमचा.) पावडर आपल्याला एक-दशांश ग्रेनपर्यंत मोजायची असते, म्हणजे साडेसहा मिलिग्रॅम. हे काम स्वयंपाकघरातल्या काट्याचं नाही.

मी दांडीचा तराजू वापरतो, जुना आरसीबीएसचा, ज्या काळात ते ओहाउसकडून बनवून घेत त्यातला. सुरीधार अकीकाच्या बेअरिंगवर टेकते, दांडी चुंबकाने लवकर थांबते, वीज लागत नाही. असे तराजू म्हाताऱ्यांच्या गॅरेज सेलमध्ये अजून मिळतात. धार आणि अकीक दुर्बिणीने बघून घे. धारेला दात पडला असेल तर सोडून दे. इलेक्ट्रॉनिक घेतलास तरी हरकत नाही, पण स्वस्तातला काटा एसीच्या वाऱ्याने, शेजारी ठेवलेल्या मोबाइलने, गरम होईपर्यंतच्या वेळेने इकडेतिकडे सरकतो. दोन्हींपैकी काहीही घे, पण सोबत चेक वेट्सचा, म्हणजे खात्रीच्या वजनांचा, संच घेच. दर बैठकीला सुरुवातीला एकदा आणि मध्ये एकदा, ज्या वजनावर काम चालू आहे त्याच्या जवळचं वजन ठेवून तपासायचं. टूलरूममध्ये आम्ही स्लिप गेज लावल्याशिवाय डायल गेजवर विश्वास ठेवत नव्हतो. हेही तसंच.

कॅलिपर मित्सुतोयोचा मिळाला तर सोनं. नाही मिळाला तर मधल्या किमतीचा डिजिटल चालेल, फक्त जबडे बंद करून उजेडासमोर धरून बघ, फटीतून प्रकाश दिसता कामा नये. आणि त्याच्यावर बसणारा हेडस्पेस कम्पॅरेटर (केसचा खांदा कुठे आहे ते मोजणारा) घे. हा लोक शेवटी घेतात, मी म्हणतो पहिल्या दिवशी घे. का ते सांगतो.

बार झाला की पितळ फुगून चेंबरच्या भिंतीला टेकतं, मग जरासं मागे येतं. फुल-लेंग्थ डाय ती केस दाबून पुन्हा मापात आणतो. डायच्या डबीतला कागद सांगतो, डाय शेल होल्डरला टेकेपर्यंत खाली आण आणि वर थोडा आणखी फिरव. हे जगातल्या सगळ्या चेंबरना चालावं म्हणून लिहिलेलं आहे. तुझ्या एका टिक्कासाठी नाही. त्याप्रमाणे केलंस तर केसचा खांदा गरजेपेक्षा जास्त मागे जाऊ शकतो. मग दर बाराला केस पुढे ताणली जाते, बुडाच्या जरा वर आतून भिंत पातळ होत जाते, आणि एक दिवस बूड एकीकडे आणि धड चेंबरमध्ये अडकलेलं. बोल्ट गनला खांदा एक ते दोन थाऊ (इंचाचा हजारावा भाग) मागे ढकलला की पुरतो. दोन थाऊ म्हणजे पन्नास मायक्रॉन, डोळ्याला दिसणार नाही, अंदाजाने कळणार नाही, कम्पॅरेटर लावला की लगेच कळतो. आधी झाडलेली केस मोज, मग डाय थोडा थोडा खाली आणत मोज, माप आलं की लॉक नट आवळ आणि पुन्हा मोज, कारण नट आवळताना डाय किंचित हलतो.

एक पेपरक्लिप सरळ करून ठेव, टोकाला बारीक आकडा वाकव. जुन्या केसच्या आत घालून भिंतीवरून वर ओढ. बुडाच्या थोडं वर आकडा अडकल्यासारखा वाटला तर ती केस गेली, पक्कडीने चेमटवून भंगारात टाक. म्हणजे चुकून पुन्हा डब्यात जाणार नाही.

डाय कुठले? साधा दोन डायचा फुल-लेंग्थ सेट, कुठल्याही नावाजलेल्या कंपनीचा. मायक्रोमीटरचा सीटिंग डाय, बुशिंग डाय, हे सगळं पुढे. पिस्तुलाच्या सरळ केसना कार्बाइड डाय असला की वंगण लागत नाही, हे ऐकून कुणी तुला .३०८ चा कार्बाइड डाय विकायला आला तर नमस्कार कर. बाटलीच्या आकाराच्या केसला कार्बाइड असो नाहीतर पोलाद, वंगण लागतंच. आणि वंगण म्हणजे पोळीवरचं तूप नव्हे. बोटाला लागलं न लागलं इतकं मेण, अंगाला, आणि नेकच्या (केसच्या गळ्याच्या) आतून ब्रशने अगदी थोडं. खांद्यावर जास्त झालं तर तिथे खळगा पडतो. अजिबात नाही लावलं तर केस डायमध्ये अडकते, दांडा ओढला की रिम फाटून हातात. मग सात नंबरच्या ड्रिलने बुडातून भोक, पाव-वीसचा टॅप, बोल्ट घालून ओढून काढायची. मला त्यात मजा येते, तुला येणार नाही.

ट्रिमर. केस ताणली की नेक लांबतो. .३०८ ची कमाल लांबी २.०१५ इंच, कापायची २.००५ वर. त्याच्या पलीकडे गेली तर नेकचं तोंड चेंबरच्या पुढच्या टोकात चिमटतं, गोळीला सुटायला जागा मिळत नाही आणि दाब चढतो. इथे मी परत लीची शिफारस करतो, आणि ती स्वस्त आहे म्हणून नाही. त्याचा गेज म्हणजे एक पिन, केसच्या फ्लॅश होलमधून (बुडातल्या, प्रायमरची ठिणगी आत जायच्या भोकातून) खाली जाऊन तळाला टेकते आणि कटर तिथेच थांबतो. सेटिंग नाहीच. फिक्स्ड गेज, बिघडायला जागाच ठेवलेली नाही. ज्याने हे डोक्यातून काढलं तो खरा टूलमेकर. नंतर आतून-बाहेरून चॅम्फर मारून बर (कापल्यावर उरलेली धारदार कड) काढायचा.

पावडर मेझर किटमध्ये येतो तो चालेल, पण लांब काड्यांची पावडर त्यात कधी कधी कापली जाते, कधी अडकून थांबते. म्हणून मेझरने थोडी कमी टाकायची, तराजूवर ट्रिकलरने काडी काडी करून पुरी करायची. वेळ जातो. शंभर केससाठी तासभर धर. फीनिक्सवाले हसतील, हसू देत. सहाशे यार्डांवर कोण हसतं बघू.

आणि शेवटची खरेदी, खरं म्हणजे पहिली : रीलोडिंग मॅन्युअल. लायमन, हॉर्नडी, सिएरा, कुठलंही चालू आवृत्तीचं. एक तुझ्या गोळीच्या कंपनीचं असेल तर उत्तम. त्यातली सुरुवातीची पन्नास पानं वाचल्याशिवाय पावडरची बाटली घरात आणू नकोस. मी इथे मुद्दाम पावडरचा एकही आकडा देत नाही, आणि जो कुणी देईल त्याचा घेऊ नकोस, मग तो कितीही छातीठोकपणे सांगो. मॅन्युअलमधला सुरुवातीचा आकडा, तिथून वर. खाली पण नाही, वर उडी पण नाही.

फीनिक्सवाला

काका, हसलो नाही. पण एवढं वाचून झालं तोवर मी पन्नास राऊंड भरले असते. 😀

मुद्दा मान्य. मी मुख्यतः ९ मिमी भरतो, महिन्याला हजाराच्या घरात, त्याला डिलनच लागतो. महिन्याला दोनशे .३०८ साठी सिंगल स्टेज ठीक आहे. तोच प्रेस मीही ठेवलाय, बिघडलेल्या गोष्टी निस्तरायला. डिलन आला तरी तो कोपऱ्यात राहतोच, म्हणजे पैसे वाया नाहीत.

लव्हलँडची ताई

काकांचं जवळजवळ सगळं पटलं. दोन ठिकाणी भांडते.

पहिलं, दांडीचा तराजू. काका निवृत्त आहेत. मी दोन मुलांच्या शाळा, नोकरी आणि कोलोरॅडोतला बर्फ यांच्यामधून वेळ काढते. आपोआप मोजून ओतणारा इलेक्ट्रॉनिक डिस्पेन्सर घेतल्यापासून त्याच वेळात मी गोळी बसवून मोकळी होते. तो एका केसची पावडर मोजेपर्यंत आधीच्या केसमध्ये गोळी बसते. चेक वेट मात्र मीही ठेवते, आणि अधूनमधून एक चार्ज (एका केसची पावडर) दुसऱ्या काट्यावर टाकून बघते. राउंडरॉककर, हे आत्ता नको, बजेटमध्ये बसणार नाही. पण काकांच्या बोलण्यावरून वीज लागणारी प्रत्येक गोष्ट वाईट असं समजू नका.

दुसरं, पुंगळ्या धुणं. काकांनी त्याचा उल्लेखच केला नाही, तळघर स्वतःचं असलं की असं होतं. मक्याच्या कणसाच्या भुश्यात किंवा अक्रोडाच्या टरफलात केस घुसळायचं व्हायब्रेटर स्वस्त आहे, पण त्याची धूळ म्हणजे शिसं. वरच्या बंद खोलीत, एसी चालू, घरात लहान मूल : अजिबात नको. एकतर ते गॅरेजमध्ये दार उघडून, झाकण लावून चालवा, भुसा ओतताना मास्क. नाहीतर पाण्याचा टंबलर घ्या, स्टीलच्या पिना घालतात तो. धूळ उडत नाही, घाण पाण्यात जाते. वाळायला वेळ लागतो आणि एकही पिन नेकमध्ये अडकलेली राहता कामा नये, प्रत्येक केस उलटी करून आपटून बघायची. केस अगदी आरसा दिसल्या पाहिजेत असं काही नाही. धूळ-रेती निघाली, डायला ओरखडा पडणार नाही, एवढं पुरे. मी कधी कधी नुसत्या गरम पाण्यात भांडी घासायचा साबण घालून भिजवते, वेगळ्या बादलीत. स्वयंपाकघरातलं भांडं नाही, सिंक नाही.

काम झालं की गार पाण्याने साबण लावून हात. त्या खोलीत चहा नाही, शेंगदाणे नाहीत. कपडे वेगळे टाकायचे. कार्पेटवर एक मोठी, पुसता येणारी मॅट. मुलाच्या डॉक्टरला सांगून त्याच्या रक्तातलं शिसं तपासून घ्यायला काही हरकत नाही, साधी टेस्ट आहे.

पावडर सांडली तर व्हॅक्यूम क्लीनर लावू नका. मोटरची ठिणगी आणि पावडर एकत्र नको. ब्रश आणि सुपली. आणि वेचलेल्या लष्करी पुंगळ्या पहिल्या महिन्यात बाजूलाच ठेवा. त्यांच्या प्रायमरभोवती धातू चेपून बसवलेला असतो, तो काढल्याशिवाय नवा प्रायमर जात नाही, त्याला आणखी एक हत्यार लागतं. शिवाय त्यातल्या काही बर्डन असतील. टॉर्चने आत बघा : मधोमध एक भोक म्हणजे बॉक्सर, चालेल. दोन छोटी भोकं आडबाजूला म्हणजे बर्डन, तुमच्या डायची पिन मोडेल. गंमत म्हणजे बर्डन अमेरिकन होता आणि बॉक्सर इंग्रज, आणि अमेरिका बॉक्सरवर चालते, युरोपातला बराच लष्करी माल बर्डनवर.

भोसरीकर काका

ताई, धुण्याचं राहिलं हे खरं. डिस्पेन्सरवर मात्र माझं मत बदलणार नाही, नातवंडांनी भेट दिला तरच.

पुणे१०मी

पुण्यातून विचारतोय. मी एअर रायफल आणि .२२ मारतो. इथे घरी असं भरता येईल का? आणि .२२ च्या मॅचच्या गोळ्या इतक्या महाग आहेत, त्या पुन्हा भरता येतात का? कुसाळेंचं ब्राँझ आल्यापासून आमच्या क्लबात गर्दी आणि गोळ्यांची ओढाताण दोन्ही वाढलीय.

लव्हलँडची ताई

दोन्हींचं उत्तर नाही.

भारतात आर्म्स अॅक्ट १९५९ खाली काडतुसं बनवायला वेगळं लायसन्स लागतं. शस्त्राचं लायसन्स असलं म्हणजे भरायची परवानगी मिळाली असं होत नाही. हा विषय तिथे घरगुती छंद नाहीच, विनापरवाना केलं तर फौजदारी गुन्हा आहे. तुमच्या कोट्याबद्दल रायफल असोसिएशनशी बोला, तोच रस्ता.

.२२ एलआर रिमफायर आहे. स्वप्नील कुसाळेने पॅरिसला २०२४ मध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये, तेजस्विनी सावंतने म्युनिकला २०१० मध्ये जागतिक स्पर्धेत प्रोनमध्ये मारलं ते हेच काडतूस. त्यात सुटा प्रायमर नसतो, ते मिश्रण रिमच्या घडीतच भरलेलं असतं, आणि फायरिंग पिन रिम चेपून टाकते. घरी परत भरण्यासारखं काही उरत नाही.

भोसरीकर काका

त्या .२२ च्या फुकट पुंगळ्यांचाही एकाने उपयोग केलाच. फ्रेड हंटिंग्टन नावाच्या कॅलिफोर्नियातल्या माणसाने १९४३ च्या सुमारास त्या डायमध्ये दाबून छोट्या गोळ्यांचं तांब्या-पितळेचं जॅकेट बनवायचा साचा केला. रॉक चक म्हणजे इकडचा घुशीसारखा प्राणी, त्याच्या शिकारीसाठी त्या गोळ्या. रॉक चक बुलेट स्वेज, त्याचं झालं आरसीबीएस. सगळ्या कंपन्यांच्या कथा अशाच, कुणाच्या तरी मागच्या खोलीत सुरू झालेल्या. ली पण १९५८ ला घरच्या वर्कशॉपमधूनच निघाले, इथे आमच्या विस्कॉन्सिनला.

डॅलसचा_नवखा

मध्येच विचारतो. मी एच-१बीवर आहे. मित्राबरोबर रेंजवर जातो. मीही प्रेस घेऊ का?

ह्यूस्टनचा वकीलमित्र

थांब. प्रेस म्हणजे लोखंड आहे, पण त्यातून निघतं ते अॅम्युनिशन. फेडरल कायद्याच्या कलम ९२२(जी)(५)(बी) प्रमाणे नॉनइमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा अॅम्युनिशन बाळगायला बंदी आहे. अपवाद आहेत, त्यातला नेहमीचा म्हणजे राज्याचं वैध हंटिंग लायसन्स. पण तो अपवाद तुला लागू होतो का, लायसन्स संपलं त्या दिवशी काय, हे इथे विचारून ठरवू नकोस. इमिग्रेशन आणि फायरआर्म्स दोन्ही समजणाऱ्या वकिलाला पैसे देऊन विचार. इथली चूक दंडावर भागत नाही, व्हिसावर येते.

राउंडरॉककर, तुला ग्रीन कार्ड आहे म्हणून हा प्रश्न नाही. स्वतःपुरतं भरायला फेडरल लायसन्स लागत नाही. मात्र क्लबातल्या मित्रांना पैसे घेऊन भरून देऊ लागलास की तो धंदा झाला, त्याला उत्पादकाचं लायसन्स लागतं. आणि घराचा इन्शुरन्स, भाड्याचं असेल तर करार, दोन्ही वाचून घे. घरात पावडर किती ठेवावी याला एनएफपीए (अमेरिकेतली अग्निसुरक्षा संस्था) ४९५ चा नियम लोक धरतात : मूळ बाटल्यांमध्ये २० पौंडांपर्यंत, त्याच्या वर ५० पर्यंत लाकडी पेटीत. प्रायमर दहा हजारांपर्यंत. तुला दोन पौंड आणि एक हजार प्रायमर भरपूर झाले. गावाचा फायर कोड आणखी कडक असू शकतो.

एक सगळ्यांनाच सांगतो. रेंजची बॅग ही फक्त रेंजची. ती घेऊन भारतात जाऊ नका, लॅपटॉपची म्हणून नाही, मुलाच्या खाऊची म्हणून नाही. शिवणीत अडकलेलं एक जिवंत काडतूस मुंबईच्या एक्स-रेमध्ये दिसलं की सुट्टी पोलीस ठाण्यात सुरू होते. नकळत राहिलं होतं हे कोर्टात मान्य होऊ शकतं, पण कोर्टापर्यंत जावं लागतं. रिकामी पुंगळीसुद्धा नको.

राउंडरॉककर

सगळ्यांचे आभार, विशेषतः काका आणि ताई. काल बायकोला काकांचा प्रतिसाद वाचून दाखवला. "मापाला आधी पैसे" हे तिला एकदम पटलं. "म्हणजे आधी किती खर्च होतो ते मोज," म्हणाली.

यादी अशी झालीय : ली क्लासिक कास्ट, साधे दोन डाय, शेल होल्डर, हातात धरायचं प्रायमिंग टूल, चेक वेट्स, कॅलिपर, कम्पॅरेटर, लीचा ट्रिमर गेज, चॅम्फर टूल, पावडर मेझर, ट्रिकलर, मेण, लोडिंग ब्लॉक, गोळी चुकीची बसली तर काढायचा हातोडा-पुलर, लायमनचं मॅन्युअल. तराजू दांडीचा, एका आजोबांच्या गॅरेज सेलमध्ये बघायला जातोय. लष्करी पुंगळ्या पिशवीत गाठ मारून वर टाकल्या. पाण्याचा टंबलर गॅरेजमध्ये. हिशोब सातशेच्या किंचित वर जातोय.

दोन प्रश्न उरले. पावडर आणि प्रायमर कशात ठेवू? जुनी लोखंडी तिजोरी आहे, तिच्यात? आणि टेबल? फर्निचरच्या दुकानातलं अभ्यासाचं टेबल चालेल का?

भोसरीकर काका

तिजोरी नको. पावडर उघड्यावर पेटली तर नुसती भसकन जळते. घट्ट बंद लोखंडात पेटली तर दाब साठतो आणि तिजोरीचा बॉम्ब होतो. बाटल्या मूळच्याच ठेव, लेबलासकट, लाकडी कपाटात, साध्या कुलपात, मुलाच्या हाताच्या खूप वर. प्रायमर त्यांच्या मूळ खाचांच्या खोक्यातच, काचेच्या बरणीत ओतायचे नाहीत. एक फुटला तर बाकीचे सगळे सोबत. आणि काम करताना टेबलावर पावडरची एकच बाटली. पहिली बाटली कपाटात गेल्याशिवाय दुसरी उघडायची नाही. काम थांबलं की मेझरमध्ये उरलेली पावडर त्याच बाटलीत परत.

हातोडा-पुलर घेतलास ते छान. जरासं मनात आलं की या केसमध्ये पावडर दोनदा पडली का, तर गोळी काढून मोजायची. रायफलच्या केसमध्ये बहुतेकदा दुप्पट पावडर मावतच नाही, सांडते. तरी ब्लॉकमध्ये पन्नास केस उभ्या केल्यावर गोळ्या बसवायच्या आधी टॉर्च घेऊन एकेकीत बघायचं. पातळी सगळ्यांत सारखी दिसली पाहिजे.

दुकानातलं टेबल भुश्याच्या पाट्यांचं असतं. .३०८ साइझ करताना दांड्यावर तू अंगाचं वजन टाकशील तेव्हा त्याचे स्क्रू पहिल्या महिन्यात सुटतील. पाऊण इंची प्लायवूडचे दोन थर एकमेकांना चिकटवून वरचा पाट कर. पाय चार बाय चारचे. मागची बाजू भिंतीतल्या लाकडी स्टडना लॅग स्क्रूने घट्ट बांध. स्टड बहुतेक सोळा इंचांवर असतात, स्टड फाइंडरने बघ, नुसत्या ड्रायवॉलमध्ये मारू नकोस. प्रेस पायाच्या डोक्यावर येईल असा बसव, मधोमध लोंबता नको. बोल्ट आरपार, खालून मोठे वॉशर. उंची अशी ठेव, की उभं राहून दांडा खाली गेला तरी कंबर वाकणार नाही आणि बसून गोळी बसवताना तराजूचा काटा डोळ्यासमोर येईल. तराजूला प्रेसच्या टेबलापासून वेगळी फळी दे, भिंतीवर. दांडा ओढला की टेबल थरथरणारच, किती का घट्ट केलंस.

एसीच्या झोताखाली ती फळी लावू नकोस.